सीमोल्लंघनाचा पट

आश्विन आला तो सोनं होऊनच आला. सह्याद्रीच्या सावळ्या पायथ्यापासून खाडीच्या खारट काठापर्यंत भात पिकलं, भात ओणवलं, भात दरवळलं. वाऱ्याची एक फुंकर आली की अवघं अरणगड संस्थान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळे. पोफळींच्या उंच, उदास रांगांतून ऊन गाळून खाली येई आणि सारवलेल्या अंगणांत थेंबाथेंबानं सांडे. तळं निवळलं होतं, कमळं उमलत-मिटत होती, देवीच्या देवळाचा कळस भर दुपारी डोळ्यांना पाहवत नव्हता. इतकं सुंदर ऊन, आणि त्या उन्हात माणसं मात्र हळू आवाजात बोलत होती.

हळू बोलण्याला कारण होतं. अरणगडात त्या वर्षी भीती राहायला आली होती.

ती वाजतगाजत आली नव्हती. राजवाड्याच्या सज्जातून ती हलकेच उतरली, बाजारातून चालत आली आणि घराघरांच्या ओट्यावर येऊन बसली. माणसं तिच्याकडे पाहून बोलत, तिच्याकडे पाहून गप्प होत, आणि हसू आलंच तर आधी तिला विचारून हसत.

बारा वर्षांपूर्वी थोरले महाराज निवर्तले तेव्हा युवराज आठ वर्षांचे होते. तेव्हापासून राज्य सांभाळलं ते त्यांच्या चुलत्यांनी, काकासाहेबांनी. काकासाहेब गादीवर कधी बसले नाहीत. गादीच्या डाव्या हाताला त्यांनी एक साधी खुर्ची मांडून घेतली, आणि त्या खुर्चीतून बारा पावसाळे, बारा सुगी, बारा दसरे पार पाडले. गुडघे वातानं धरलेले होते, म्हणून गावोगाव ते उघड्या पालखीतून जात. पालखी थांबली की भांडणं थांबत. चैत्रात पुतणे विसाचे झाले, आणि काकासाहेबांनी राज्याची मुद्रा स्वतःच्या हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली. श्रीमंत रणधवल महाराज गादीवर बसले. खुर्ची होती तिथेच राहिली.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माणसांच्या माना बारा वर्षं ज्या दिशेला वाकल्या, त्याच दिशेला वाकत राहिल्या. मुजरा व्हायचा गादीला, आणि मुजरा करणाऱ्याची नजर चुकून एकदा खुर्चीकडे जायची. महाराज त्या नजरा टिपत होते. देखणा, एकटा, आईवेगळा, बापावेगळा हा विशीतला राजा. अख्ख्या राज्यात त्याला एकाच माणसाची धास्ती होती, आणि तो माणूस त्याला रोज सकाळी आशीर्वाद द्यायचा. भ्यालेला माणूस वाईटच. भ्यालेला राजा त्याहून वाईट.

दसऱ्याच्या सकाळी काकासाहेबांची पालखी वाड्याच्या महाद्वारातून आत आली, आणि देवडीवरच्या सिदू नगारच्यानं नगारा वाजवला. तो मान आता महाराजांचा होता, हे सिदूला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं ती पालखी दिसली की हात टिपरीवर जायचा, तसाच गेला. महाराज वर सज्जात उभे होते. दुपार व्हायच्या आत सिदूच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. देवडीच्या पायरीवर पाणी ओतून गड्यांनी ती पायरी धुतली, आणि दिवस सणाचा म्हणून तिच्यावर रांगोळीही काढली.

मग तिसऱ्या प्रहरी सीमोल्लंघन निघालं. केवढं ते वैभव! झुलींचे, घंटांचे, गंडस्थळी चित्रं रेखलेले सात हत्ती. ताशांच्या तालावर तिरपे चालणारे घोडे. भगव्या, जांभळ्या, जरतारी निशाणांचं अंतराळात उसळणारं रान. भालदार, चोपदार, मानकरी, गुरव, भटजी, आणि दोन्ही कडांनी झेंडूच्या माळांनी लवलेली गर्दी. त्या दिवशी अरणगडचं छत्र देवीच्या पालखीवर असतं. राजाची म्हणून एकच खूण उरते, चवरी. वनगाईच्या शेपटीची, दुधासारखी शुभ्र, चांदीच्या मुठीची ती चवरी राजावाचून दुसऱ्या कुणावर ढळत नाही. पांढऱ्या घोड्यावर रणधवल महाराज होते आणि घोड्याच्या दोन्ही अंगांना दोन चवरीवाले चालत होते. बऱ्याच मागून काकासाहेबांची उघडी पालखी येत होती; तिच्यामागे चवरी ढाळणारं कुणी नव्हतं. शिवेवर शमीची पूजा झाली, आपट्याची पानं लुटली गेली, माणसांनी माणसांना सोनं दिलं. सिदूच्या जागी दुसराच कुणी नगारा वाजवत होता.

शमीखालीच महाराजांनी बाबल चितारी याला बोलावून घेतलं.

"चितारी, हा सोहळा पटावर उतरव," महाराज म्हणाले. "कोण कुठं होतं, कोण कशावर होतं, कोणाच्या मागं कोण होतं, सगळं जसं होतं तसं. त्रिपुरी पौर्णिमेला भर दरबारात उलगडायचा आहे."

बाबल जमिनीपर्यंत वाकला. वाकताना त्यानं आपला उजवा हात नकळत पोटाशी धरला.

बाबल पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा, मितभाषी माणूस. त्याच्या घराण्यात सात पिढ्या एकच काम चाले, गंजिफा रंगवण्याचं. खेळायची ती गोल पानं, तळहातावर मावतील एवढी. एकेका पानावर एकेक राजा, एकेक प्रधान, मासे, कासवं, शंख, कमळं. बाबलनं आयुष्यात तळव्याहून मोठं चित्र काढलं नव्हतं. मोठं काम बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याची पाचावर धारण बसली.

नाही म्हणायची सोय नव्हती. राजा बोले, दळ हाले. चितारी कोण लागून गेला?

घरी आल्यावर भागीरथीनं, त्याच्या बायकोनं, सात हात लांब कापड पडवीत पसरलं आणि तिला हसू आलं, कारण पडवीच पाच हातांची होती. मग कापड गुंडाळायचं, एकेक हात उघडायचं, तेवढं रंगवून पुन्हा गुंडाळायचं, असं ठरलं. चिंचोक्यांची खळ शिजली, खडूची पूड कालवली, कापडावर थरावर थर चढले आणि भागीरथीनं कवडीनं घासघासून ते कापड असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरावी. हे तिचं काम. रंग त्याचे, लाख तिची. रंग वाळले की निखाऱ्यांच्या धगीवर लाखेचा झळाळता, पारदर्शी लेप ती चढवी. आणि लाख एकदा बसली की आतला रंग पिढ्यान्‌पिढ्या हलत नसे.

काम सुरू झालं आणि भीतीही कामाला लागली. ती सकाळी त्याच्याबरोबर उठे, त्याच्या शेजारी मांडी घालून बसे. हिंगूळ घोटताना त्या लालातून देवडीची पायरी दिसे. निळीत महाराजांच्या डोक्यावरच्या मंदिलाची निळाई दिसे. खारीच्या केसांची सुईइतकी बारीक कलमं तो बोटांत धरी, आणि धरण्याआधी प्रत्येक वेळी अंगठ्याकडे पाही. अंगठा आहे ना? आहे. मग तो अंगठा कामाला लागे.

हात तळव्याएवढ्या वर्तुळात घडलेला, त्याला मोकळं मैदान सोसेना. तेव्हा बाबलनं एक युक्ती केली. करवंटीची वाटी पालथी घालून तो पटावर फिक्या गेरूनं वर्तुळं आखून घेई, एका वर्तुळात एक आकृती बसवी, आणि मग गेरू पुसून टाकी. वर्तुळात शिरलं की हात निर्भय होई. हत्ती आले, घोडे आले, निशाणं आली. चारशे माणसं आली, चारशे मुद्रा आल्या, आणि प्रत्येक मुद्रेवर, त्याला नको असतानाही, एक बारीकसं भय आलं.

चोपदाराच्या काठीला किती कडी, मानकऱ्याच्या पागोट्याला कुठल्या बाजूला पीळ, हत्तीच्या पायात साखळी उजवीकडे की डावीकडे, सगळं त्यानं चारचारदा विचारून घेतलं. जिथं शंका होती तिथं तो शंभर वेळा थांबला. जिथं शंका नव्हती तिथं थांबायचं कशाला? तिथं हात आपोआप गेला.

हात हा फार जुना गुलाम आहे. धनी झोपला तरी तो राबतो, आणि धन्यानं न सांगितलेलंही करून ठेवतो.

गंजिफाच्या पानावर राजा नेहमी बसलेला असतो, आणि त्याच्यामागे चवरी ढाळणारे उभे असतात. प्रधान नेहमी घोड्यावर असतो, आणि एकटा असतो. बसलेला तो राजा, घोड्यावरचा तो प्रधान: आज्यानं हे बापाला शिकवलं, बापानं बाबलला. आठव्या वर्षापासून बाबलच्या हातानं अशी हजारो पानं काढली होती. त्या हातानं एका सकाळी पांढरा घोडा काढला, घोड्यावर देखणा स्वार काढला, आणि वर्तुळ पुरं केलं. लाख चढली, पट गुंडाळला गेला. दहा दिवसांनी त्याच हातानं पालखीत बसलेली एक शांत, वृद्ध, प्रेमळ आकृती काढली. बाबलचं काकासाहेबांवर फार प्रेम होतं. ते रेखताना कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा भीती त्याच्या शेजारून उठून गेली होती, आणि तो मनातल्या मनात गात होता. तो गात होता तेव्हा हातानं आकृतीच्या मागे, सवयीनं, सहज, सुबकपणे, दोन चवरीवाले उभे केले.

त्रिपुरी उजाडली. कार्तिकाचं ऊन कोवळं, काचेसारखं. दुपारी वाड्यावरून भोई यायचे होते, म्हणून नवराबायकोनं पट पहिल्यांदाच सबंध उलगडला, अंगणात, तुळशीपुढे. सात हात सोहळा लखलखला. कोंबड्या बाजूला सरल्या. भागीरथी पदर कमरेला खोचून एका टोकापासून पाहत निघाली. हत्तींना तिनं हात जोडले, स्वतःच चढवलेल्या लाखेत स्वतःचं तोंड बघून घेतलं, आणि पटाच्या मध्यावर येऊन ती थांबली. गंजिफा खेळण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. तिनं काकासाहेबांवर बोट ठेवलं.

"अवो, ह्यो राजा खंयचो?"

"राजा न्हय गो तो. काकासाहेब ते."

"मगे तेंच्या पाठसून चवरी कशाक?" ती म्हणाली. "आणि घोड्यारचे म्हाराज एकटेच?"

बाबलनं पाहिलं.

त्यानं पाहिलं, आणि अंगण त्याच्या पायांखालून हळूच काढून घेतल्यासारखं झालं. सात हातांच्या त्या झळाळत्या, जिवंत, निर्दोष सोहळ्यात एकच चूक होती, आणि ती चूक ओरडत होती. पांढऱ्या घोड्यावरचा राजा प्रधान झाला होता. पालखीतला चुलता राजा झाला होता. जे बोलायची अरणगडात कुणाची छाती नव्हती, ज्याच्यासाठी सिदूचा अंगठा गेला, ते बाबलच्या उजव्या हातानं रंगात बोलून ठेवलं होतं आणि वर बायकोनं लाखेनं त्याच्यावर मोहोर उठवली होती.

"माका भय वाटता गो," तो म्हणाला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

"खरवडून काढूया?"

"लाख चढली की रंग देवाकय सुटाचो नाय."

तरी त्यानं कोपऱ्यात चाकूचं टोक लावून पाहिलं. लाख फुटली, रंग उडाला, खडू उडाला आणि खाली कापडाचा नागडा ताणाबाणा दिसला. काकासाहेबांच्या मागे असा पांढरा व्रण ठेवला, तर तो चवरीहून मोठ्यानं बोलेल. मग त्यानं महाराजांच्या घोड्यामागे नवी चवरी काढायचा यत्न केला. शुभ्र रंगाचा थेंब लाखेवर पडला, गोल झाला, थरथरला आणि घरंगळून खाली गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा घरंगळला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. ते म्हणणाऱ्यांचे हात शाबूत असतात.

"पळान जावया," भागीरथी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, रंगांनी माखलेला, नखांत हिंगूळ बसलेला, कलम धरून धरून मधलं बोट वाकडं झालेला तो हात. त्या हातानं तिची बत्तीस वर्षं पोसली होती. "खंयतरी जावया."

"खंय जातलों?" बाबल म्हणाला.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी, भोयांचा हुंकार ऐकू आला. ते वेळेआधीच आले होते.

दरबार भरला होता. खांबाखांबाला आंब्याचे टहाळे, केळीचे गाभे. उंच झरोक्यांतून तिरपं, पिवळं ऊन आत उतरून गालिच्यावर चौकोन मांडत होतं. गादीवर महाराज, दोन अंगांना चवरीवाले. डाव्या हाताला खुर्चीत काकासाहेब, मांडीवर शाल, गुडघ्यांवर हात. आठ भोयांनी पट बांबूंवर ताणून उभा धरला, आणि दरबाराच्या तोंडून "वा!" असा एक लांब श्वास गेला. बाबल खांबाला पाठ टेकून उभा होता.

महाराज गादीवरून उतरले. पटाच्या उजव्या टोकाला जाऊन त्यांनी बोट टेकवलं, आणि ते बोट सावकाश, कौतुकानं, मिरवणुकीबरोबर चालू लागलं.

बोट पहिल्या हत्तीवरून गेलं, दुसऱ्या हत्तीवरून गेलं. निशाणं ओलांडली, ताशे ओलांडले. एका भालदारापाशी ते थांबलं आणि महाराज हसले, कारण भालदाराचं नाक अगदी हुबेहूब होतं. मानकरी हसले. बाबलही हसला, त्याचे ओठ त्याला न विचारता हसले. बोट पुढे निघालं. पांढऱ्या घोड्यापाशी आलं. घोड्याच्या मानेवरून, स्वाराच्या मंदिलावरून मायेनं फिरलं. "घोडा छान साधलाय," महाराज म्हणाले. मग ते बोट घोड्याच्या डावीकडे गेलं. मग उजवीकडे गेलं. तिथं काही नव्हतं. मग हळूहळू, चारशे माणसांना बाजूला सारत, ते मागच्या पालखीपाशी आलं.

बोट चवरीवर थांबलं.

दरबारातल्या शंभर माणसांनी एकाच वेळी पाहिलं, एकाच वेळी ओळखलं, आणि एकाच वेळी माना खाली घातल्या, कारण ज्यानं ओळखलं तोही गुन्हेगार ठरला असता. महाराजांचा चेहरा पांढरा पडला होता. रागानं नव्हे. आपल्याला सगळे जे समजतात ते आज भिंतीएवढं लिहून समोर उभं आहे, असं वाटून तो पोर आतून थिजला होता. आणि थिजलेल्या राजाला ऊब हवी असते, ती तो दुसऱ्याच्या रक्तात शोधतो.

"चितारी," महाराज म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "पुढं ये. हात पुढं कर. उजवा."

बाबल पुढे गेला. हात पुढे केला. बोलायला तोंड उघडलं. गंजिफा, आजा, बाप, सवय, सगळे शब्द जिभेच्या मुळाशी येऊन एकमेकांवर आदळले आणि तिथंच राहिले. देवडीवरचा शिपाई समोर येऊन उभा राहिला होता. त्याची नजर बाबलच्या तोंडाकडे नव्हती.

तेव्हा खुर्ची करकरली.

काकासाहेब उठले. आधाराला दोघे धावले, त्यांना त्यांनी नजरेनं मागे सारलं. बारा वर्षांत त्यांना कुणी आधारावाचून चालताना पाहिलं नव्हतं. एक पाऊल. थांबले. दुसरं पाऊल. कपाळावर घाम फुटला. तिसरं, चौथं, गालिच्यावरचे उन्हाचे चौकोन ओलांडत ते गादीपर्यंत गेले, तिथल्या चवरीवाल्याच्या हातातून त्यांनी चवरी घेतली, आणि परत फिरून पुतण्याच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. शुभ्र चवरी वर गेली. खाली आली. वर गेली.

"महाराज," ते म्हणाले, "चवरी कुठं असावी हे चितारी विसरला असेल. मी विसरलो नाही."

चवरी हलत राहिली. तिचा वारा मानेवर लागला तसे महाराजांचे खांदे सैल पडले. रंग चेहऱ्यावर परत आला. त्यांनी वळून पाहिलं. ज्या माणसाची रात्रंदिवस धास्ती वाहिली तो माणूस घामानं थबथबून, वाकून, सेवकाच्या जागी उभा होता, आणि ते दृश्य त्या तरुण डोळ्यांना गोड वाटलं. तहानलेल्याला पाणी गोड वाटतं तसं. एकदा पिऊन भागणार नव्हतं.

"शोभते," महाराज म्हणाले. "काकासाहेब, आपल्या हाती चवरी शोभते. उद्यापासून दरबारात आपणच धरावी." मग बाबलकडे न बघताच: "चितारी, हात मागं घे. पट नवा काढ. माझ्या मागं चवरी कोणाच्या हाती असते ते आता पाहिलंस ना? तसंच काढ. काकासाहेबांना समोर उभं करून काढ."

"आणि हा पट, महाराज?" कुणीतरी विचारलं.

"आज त्रिपुरी," महाराज म्हणाले, आणि ते खरोखर प्रसन्न हसले. "दीपमाळेला वाती लागतातच."

दिवेलागणीला देवीपुढची दीपमाळ पेटली. सात हात सीमोल्लंघन चराचरा फाटून तिच्या कोनाड्याकोनाड्यांत बसलं होतं. लाख चांगली जळते. एका कोनाड्यात हत्ती जळला, एकात निशाण, एकात हुबेहूब नाकाचा भालदार. अरणगडानं अशी उजळ, उंच, सुगंधी त्रिपुरी पाहिली नव्हती, आणि सगळ्यांनी हात जोडून मान्य केलं की फारच छान. खुर्ची त्या दिवसापासून दरबारात दिसली नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वाड्याच्या चौकात बाबल नव्या पटापुढे बसला. धुकं नुकतं विरलं होतं. ऊन पांढरं, पातळ, थंड होतं. समोर काकासाहेब चवरी धरून उभे होते. वर सज्जात महाराज फेऱ्या घालत होते, मधूनच कठड्याशी थांबून खाली बघत होते. ते थांबले की काकासाहेब ताठ होत. फेरी पुढे गेली की त्यांचे गुडघे धोतराआड थरथरू लागत, आणि ती थरथर वर चढत चढत चवरीच्या टोकापर्यंत जाई.

बाबल घाई करू लागला. समोर बसून अशी आकृती नीट रेखायला त्याला चार दिवस लागले असते. ही एका सकाळीत उरकायची आणि म्हाताऱ्याला बसू द्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं वर्तुळ आखलं नाही. गेरू सांडला. रेषा वाकडी गेली, पुसली, पुन्हा वाकडी गेली. त्याला रडू येत होतं, त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्याही खाली, अजून, अजून त्याला भीती वाटत होती.

वरची फेरी दूर गेली. काकासाहेबांनी ओठ फारसे न हलवता, दरबारची भाषा सोडून, गावच्या बोलीत हळूच म्हटलं:

"सावकाश काड, बाबल. हात सांभाळ."

सज्जात पावलं परत वाजली. कठड्याशी थांबली. बाबलनं डोळे पुसले, श्वास घेतला, बारीक कलम निवडलं. समोर दोन वृद्ध गुडघे थरथरत होते, पानं थरथरावी तसे थरथरत होते, थांबता थांबत नव्हते. आणि बाबलनं आपल्या शाबूत, धडधाकट, पाचही बोटांच्या उजव्या हातानं ते पटावर सरळ काढले.